सांभाळून घेणे

‘जरा सांभाळून घे’ हे तीन शब्द ज्याने पहिल्यांदा जोडले त्याला मला एकदा भेटायचं आहे. भेटून काय करणार ते आत्ता सांगत नाही.

मला ते ताईने म्हटले, सात वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या जिन्यात. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिचे यजमान, माझे भावोजी, आणि मी एकाच बँकेत कामाला. एकाच खोलीत, शेजारी शेजारी. ते टेबल तीन, मी टेबल चार. नोकरी मला त्यांनीच लावून दिली असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यांनी जाहिरातीचं कात्रण आणून दिलं होतं, परीक्षा मी दिली आणि पहिली आले. पण असो.

तर भावोजींना झटका आला होता. जीव वाचला, चालणं-बोलणं परत आलं. तीन महिन्यांनी दाढीबिढी करून, टाय लावून कामावर हजर झाले तेव्हा बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. पण दोन गोष्टी गेल्या होत्या. उजव्या हाताला कंप राहिला, आणि आकडे गेले. आकडा डोळ्यांना दिसायचा, पण डोक्यात पोचेपर्यंत सहाचा नऊ व्हायचा, सतराचे एकाहत्तर व्हायचे. कर्ज विभागात बसलेल्या माणसाचे आकडेच गेले तर उरलं काय? ताईला हे डॉक्टरांनी सांगितलं, ताईने मला सांगितलं, आणि बँकेत कोणालाही सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. म्हणजे त्या दोघांनी ठरवलं, मी मान हलवली.

“दोन मुली शिकतायत गं,” ताई म्हणाली होती. “जरा सांभाळून घे.”

जरा. सहा वर्षं.

आमचं काम असं, की कर्जाचं प्रकरण आलं की त्याची छाननी करायची. बावीस मुद्दे. मिळकत, तारण, जामीनदार, जुनी कर्जं. प्रत्येक मुद्दा तपासायचा, संगणकात भरायचा, प्रत्येक पानावर छोटी सही मारायची. माझा हात पहिल्यापासून चलाख. बाराच्या आत माझी चार प्रकरणं हातावेगळी व्हायची. मग शेजारून टक टक असा आवाज यायचा. भावोजी पेन्सिलीचं टोक टेबलावर दोनदा आपटायचे आणि फाईल माझ्याकडे सरकवायचे. बोलणं नाही, बघणं नाही. मी ती फाईल त्यांच्या पासवर्डने संगणकात भरायची. पासवर्ड मीच ठेवलेला, त्यांच्या थोरलीचं लाडाचं नाव आणि जन्मसाल. आणि पानापानावर त्यांची छोटी सही मारायची. एक वाटोळं, त्याच्या पोटातून आडवी रेघ, शेवटी वर उचललेलं शेपूट. पहिले आठ दिवस मी ती वर्तमानपत्राच्या समासात गिरवली. नंतर मला स्वतःची सही करताना अडखळायला व्हायचं, त्यांची सुटसुटीत यायची.

ते दिवसभर काय करायचे? बोलायचे. बोलण्यात भावोजींचा हात कोणी धरू शकत नाही. चिडलेलं गिऱ्हाईक त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसलं की हसत उठायचं. ते बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू. वाटायचं, चला, बोलायचं काम ते करतायत, हाताचं मी करतेय, घर एकच आहे.

दुसऱ्याच्या पासवर्डने काम केलं तर दोघांनाही घरी पाठवतील, अशी नोटीस मात्र आमच्याच खोलीत, आमच्याच डोक्यावर लावलेली होती. ती टाइपही मीच केली होती.

मागच्या वर्षी साहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं. साहेब म्हणजे आमचे शाखाधिकारी, वाईट माणूस नाही, फक्त वरून जे येईल ते जसंच्या तसं खाली ओतणारा. म्हणाले, आपली बँक एका अभ्यासात भाग घेतेय. कार्यक्षमता तुलना अभ्यास. एकेचाळीस वित्तसंस्था, लहान-मोठ्या, सगळ्या आपापल्या कामाचा वेळ मोजणार आणि एकमेकींशी ताडून बघणार. याला बेंचमार्किंग म्हणतात.

“म्हणजे बेंचवर उभं करणार आणि मार्क देणार,” कॅशियर मागून म्हणाला. कॅशियरला गप्प बसता येत नाही. मला ‘एक्स्प्रेस’ हे नाव त्यानेच ठेवलंय.

सगळे हसले. साहेबही हसले. मग म्हणाले, “यातून कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही. हा फक्त अभ्यास आहे.” मी तेव्हाच समजायला हवं होतं. ज्या गोष्टीचा कोणी विषयच काढला नव्हता तिची हमी माणूस कशाला देतो?

प्रत्येकाला वीस तक्ते मिळाले, चार आठवड्यांचे. एका दिवसाला एक तक्ता. त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांची घरं आणि कडेला चौदा प्रकारची कामं, प्रत्येकाला आकडा. छाननी म्हणजे तीन. गिऱ्हाइकाशी बोलणं सात. सही-शिक्के नऊ. आणि सगळ्यात शेवटी चौदा, इतर. हाताने भरायचं, रोजच्या रोज, आणि संध्याकाळी पेटीत टाकायचं. त्याशिवाय संगणक आपला वेगळा हिशेब ठेवणारच होता. कोणाच्या नावाने किती प्रकरणं उघडली, किती वेळात बंद झाली.

सगळ्यांवर देखरेख करायला त्या अभ्यासवाल्यांची एक बाई आली. पन्नाशीची, केस कापलेले, बोलणं मऊ. तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच होतं, म्हणून कॅशियरने तिला घड्याळवाली करून टाकलं. ती कोणाच्याही पाठीशी येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “चालू द्या, मी नाहीच आहे असं समजा.” असं म्हटल्यावर माणसाला स्वतःची पाठसुद्धा जड होते.

पहिल्याच संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. मी एकटी राहते, दोन खोल्या आहेत, लग्न केलं नाही. का केलं नाही ती वेगळी कथा आणि ती मी कोणाला सांगत नाही. ताईने आल्या आल्या पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली, जशी मागायला आलेली माणसं बसतात.

“ह्यांचं कसं होणार गं धाकटे?”

“काय व्हायचंय?”

“त्या बाईच्या लक्षात आलं तर? रात्री डोळ्याला डोळा नाही ह्यांच्या. हे म्हणतात, तक्ताच भरता येत नाहीये. घर सहावं की नववं तेच कळत नाही.”

“मी भरीन तक्ता.”

“आणि काम?”

“ते मीच भरतेय की सहा वर्षं.”

ताईने माझा हात हातात घेतला. “नुसतं भागवू नकोस. जरा बरं दिसेल असं कर. उगाच सगळ्यात खाली नको दिसायला. तेवढं सांभाळून घे.”

आता माझी चूक सांगते. ती मी शुद्धीत केली, शांत डोक्याने केली, आणि वर स्वतःला शहाणी समजत केली.

मला माहीत नव्हतं की बाकीच्या चाळीस संस्थांमधली माणसं एका प्रकरणाला किती वेळ घेतात. कोणालाच माहीत नव्हतं, तेच तर शोधायचं होतं. मी आपला माझा वेग धरून चालले. माझा वेग म्हणजे सगळ्यांचा वेग असं मला वाटलं, कारण मी दुसऱ्या कोणाला जवळून काम करताना पाहिलंच नव्हतं. शेजारी भावोजी, आणि ‘एक्स्प्रेस’ ही मला कॅशियरची थट्टाच वाटायची. तेव्हा त्यांना मी माझ्याइतकं ठेवलं, वर ताईने सांगितलं म्हणून रोज दोन प्रकरणं जास्त. सकाळच्या ताज्या वेळात त्यांची करायची, माझी दुपारनंतर, थकल्या हाताने. घड्याळवाली फिरकायची तेव्हा भावोजी संगणकाकडे बघत गंभीर चेहरा करून बसायचे आणि मी माझ्याच पडद्यावर त्यांचं काम उघडून बसायचे.

आणि माझे ते तास? माझ्या तक्त्यात त्यांना कुठेतरी घालायला हवंच होतं. छाननी लिहावं तर माझ्या नावाने तितकी प्रकरणं संगणकात नाहीत. शिक्के म्हणावं तर ते मोजलेले. चौदा कामांची यादी मी वरून खाली तीनदा वाचली. सांभाळून घेणे कुठेच नव्हतं. मग मी लिहिलं इतर. रोज तीन तास इतर, कधी साडेतीन. इतर म्हणजे बाकीचं, त्यात कोणाच्या बापाचं काय जातंय, असं मला वाटलं.

आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला लोकांना निदान धोंडा उचलावा तरी लागतो. मला बॉलपेन पुरलं.

चौथ्या आठवड्यात मुलाखती झाल्या. एकेकाला वरच्या काचेच्या खोलीत बोलावलं. माझ्या आधी भावोजी जाऊन आले, वीस मिनिटं, आणि हसत आले. मी विचारलं, काय विचारलं? म्हणाले, काही नाही, इकडचं तिकडचं.

मी आत गेले. घड्याळवालीने माझे तक्ते समोर पसरले होते.

“तुमच्याकडे इतर फार दिसतंय. त्यात काय येतं?”

“बाकीचं.”

“दिवसाला तीन तास?”

“फोन असतात. चौकशीला लोक येतात. झेरॉक्स.”

“तुमच्या शेजारच्या टेबलावर इतर अजिबात नाही. एकही घर नाही.” ती माझ्याकडे बघत थांबली. “काही सांगायचंय का? इथे नाव येत नाही, फक्त टेबलाचा आकडा.”

मला आजही वाटतं, त्या बाईला वास आला होता. दहा वर्षं लोकांच्या पाठीशी उभं राहिलेली बाई, तिला कळणार नाही? तिने दार उघडून धरलं होतं, मला फक्त पाऊल टाकायचं होतं. पण काचेतून खाली आमची खोली दिसत होती. भावोजी डाव्या हाताने थर्मासचं झाकण फिरवत होते, उजवा हात टेबलाखाली मांडीवर दाबून धरलेला. झाकण निघत नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहत नाही ना ते, आणि थर्मास तसाच बाजूला ठेवला. चहा प्यालेच नाहीत.

“काही नाही,” मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी निकाल आला. वरच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, मुख्य कार्यालयातले लोक आले, घरच्यांनाही बोलावलं होतं. एकेचाळीस संस्थांमध्ये एका प्रकरणाच्या छाननीला साधारण चौतीस मिनिटं लागतात. सर्वांत कमी वेळ, एकोणीस मिनिटं, एका टेबलाने नोंदवलेला. ते टेबल आमच्या बँकेत होतं. टेबल तीन.

भावोजी उठले. टाळ्या पडल्या. सन्मानचिन्ह त्यांनी डाव्या हाताने घेतलं आणि फोटोवाला म्हणाला, उजव्या हाताने घ्या ना, चेहऱ्यावर उजेड येतो. ते म्हणाले, असू दे, असंच बरं.

एकोणीस मिनिटं. ती माझी होती. एकेचाळीस संस्था, हजारो माणसं, आणि त्यात मी पहिली, तेवीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी हे सांगितलं नव्हतं आणि तिथेही कोणी सांगत नव्हतं. एवढा अभिमान आणि एवढा संताप मला आयुष्यात एकाच वेळी कधी झाला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. ताई माझ्या शेजारी बसली होती, डोळे पुसत होती.

“बघ,” ती माझ्या कानात म्हणाली, “ह्यांच्यात अजून दम आहे.”

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

अकराव्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. त्यांच्यासमोर जाड अहवाल होता, पिवळ्या चिठ्ठ्या लावलेला. आधी पाणी विचारलं. पाणी विचारलं म्हणजे बातमी वाईट, एवढं मला कळतं.

“टेबल चार,” ते म्हणाले. “निम्मा वेळ इतर. प्रकरणं सरासरीहून कमी. आणि टेबल तीन बघा, तुमचे भावोजी, वेग सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. वरून पत्र आलंय. या शाखेत कर्ज विभागात एक टेबल जास्त आहे.”

“तुम्ही म्हणाला होतात, नोकरीला धक्का नाही.”

“अभ्यासाने नाही. हा मुख्य कार्यालयाचा निर्णय आहे.” हे ते मान वर न करता म्हणाले. “आकड्यांवरून मला पटलं नव्हतं, खरं सांगतो. तुम्ही किती धावपळ करता ते मी पाहतो. पण मुलाखतीत पण तेच आलंय.”

“मुलाखतीत मी काही बोलले नाही.”

“तुमच्या नाही.” त्यांनी एक पान उलटलं आणि वाचून दाखवलं. “टेबल तीन यांच्या म्हणण्यानुसार शेजारील टेबलाकडून त्यांना कोणतीही मदत होत नाही. उलट, त्यांचे शब्द, ‘मीच तिला थोडं सांभाळून घेतो.’”

मी त्यांना ते परत वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. अवतरणचिन्हं सुद्धा होती. घड्याळवालीने शब्द जसाच्या तसा उतरवला होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते खरं आहे, मधे कुठेही थांबत नाही. तोंड उघडलंच होतं मी. सगळं सांगून टाकणार होते. आकडे, कंप, पासवर्ड, वाटोळं आणि शेपूट. साहेबांच्या मागच्या भिंतीवरही त्याच नोटिशीची प्रत लावलेली होती, दुसऱ्याच्या पासवर्डने काम केल्यास दोघांनाही. मी खरं बोलले असते तर दोघंही गेलो असतो, आणि जाताना निवृत्तिवेतनही गेलं असतं, त्यांचं आणि माझंही. गप्प बसले तर निदान माझ्या तेवीस वर्षांचं जे काय असेल ते मिळणार होतं. मूग गिळून बसले. ते मूग अजून पोटात आहेत.

भावोजींना मी जिन्यात गाठलं. ते वर येत होते, मी खाली.

“मी तुम्हाला सांभाळते की तुम्ही मला?”

त्यांचा चेहरा उतरला. कठड्याला धरून उभे राहिले. “ती बाई विचारत सुटली गं. मदत होते का, कोण करतं, किती करतं. मी घाबरलो. नाही म्हणायचं होतं नुसतं.”

“मग नुसतं नाही म्हणायचं.”

“तोंडातून निघून गेलं.”

“सहा वर्षांत माझ्याबद्दल तोंडातून दुसरं काही नाही निघालं?”

ज्या माणसाचा बोलण्यात कोणी हात धरत नाही, तो एक शब्द बोलला नाही. मग हळूच म्हणाले, “घरी बोलू नकोस. हिला त्या सन्मानचिन्हाचं फार कौतुक आहे.”

मी घरी बोलले. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. सन्मानचिन्ह दारासमोरच्या फळीवर ठेवलं होतं, येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं असं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मला वाटत होतं ती रडेल, निदान नवऱ्याला दोन शब्द सुनावेल. तिने हातातल्या फडक्याची चौकोनी घडी घातली.

“तक्ते तूच लिहिलेस ना?” ती म्हणाली.

“हो.”

“मग ह्यांना कशाला बोल लावतेस? त्यांनी का सांगितलं होतं तुला रोज तीन तास इतर लिही म्हणून?”

मला हसू आलं. खरंच आलं.

“हे बघ धाकटे,” ती जवळ सरकली, “झालं ते वाईट झालं. पण दोघांपैकी एकालाच जायचं होतं तर... तू एकटी आहेस गं. तुझं एकटीचं कसंही भागेल. आमच्याकडे चार तोंडं.”

माझं एकटीचं कसंही भागेल हे मी लहानपणापासून ऐकतेय. ताईचे उतरलेले कपडे मला, कारण माझं भागेल. आईच्या आजारपणात रजा मी काढायची, कारण मला काय, मी एकटी. एकटीला कमी भूक लागते असं या घरात कोणीतरी कधीतरी सिद्ध केलंय, मला फक्त त्याचा अहवाल दाखवलेला नाही.

ताईचं अजून संपलं नव्हतं. “मी काय म्हणते, आता दोन्ही टेबलांचं काम ह्यांच्यावर येणार. हे सांगत होते, हल्ली घरून पण बँकेचा संगणक उघडता येतो. पासवर्ड तर तुझ्याकडे आहेच. तुला आता वेळच वेळ. रोज थोडं थोडं घरी बसून...”

“फुकट?”

“आपल्याच माणसाचं काम, त्यात फुकट काय गं? जरा सांभाळून घे. मुली शिकून बाहेर पडेपर्यंत.”

मी उठले. चपला घातल्या. तिने मागून दोनदा हाक मारली, मी वळले नाही. रस्त्याने येताना मी मोठमोठ्याने बोलत होते हे मला एका बाईने वळून बघितलं तेव्हा कळलं.

शेवटच्या शुक्रवारी मला चार्ज द्यायचा होता. आमच्याकडे टेबल सोडणाऱ्याने सगळ्या कामाची यादी करायची, चार्ज दिला म्हणून सही करायची, आणि घेणाऱ्याने शेजारी चार्ज घेतला म्हणून. यादी नऊ पानांची झाली. मी नीट केली. कुठली प्रकरणं अर्धवट, कुठल्या जामीनदाराची कागदं यायचीत, सोमवारी पहिल्यांदा काय उघडायचं. एवढी नीट कोणासाठी करत होते कोण जाणे. कॅशियर येऊन उभा राहिला, काहीतरी विनोद करायचा म्हणून तोंड उघडलं आणि न करताच गेला. त्याला जन्मात पहिल्यांदा गप्प बसता आलं.

चार वाजता साहेब खाली आले. भावोजींच्या टेबलाशी उभे राहिले. “चला, सह्या उरकून टाका. मला आजच वर पाठवायचंय.”

मी माझ्या नऊ सह्या केल्या आणि यादी शेजारी सरकवली.

भावोजींनी पेन उचललं. पहिल्या पानावर टेकवलं. हात उडायला लागला. कागदावर दोन-तीन निळे ठिपके पडले. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. साहेबांचा फोन वाजला म्हणून ते खिडकीकडे वळले, पाठ आमच्याकडे. दोन मिनिटांत ते फिरणार आणि हे सगळं त्यांना दिसणार. मला नुसतं बसून राहायचं होतं. हात मांडीवर ठेवायचे आणि समोर बघायचं, बस. सहा वर्षांचं सगळं तिथल्या तिथे आपोआप बाहेर पडलं असतं, माझ्या तोंडून एक अक्षर न निघता.

टक टक.

त्यांनी पेन ठेवून पेन्सिल आपटली होती. आणि यादी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही, कधीच बघत नसत.

मी ठरवून आले होते, सांगते ना. घरून निघताना आरशासमोर ठरवून आले होते की आज काही झालं तरी नाही. पण पेन माझ्या हातात होतं आणि हात माझ्या आधी निघाला. वाटोळं, आडवी रेघ, शेपूट. चार्ज घेतला. वाटोळं, रेघ, शेपूट. चार्ज घेतला. नऊ पानं. माझं टेबल, माझी तेवीस वर्षं, माझ्याकडून त्यांच्या नावाने मीच ताब्यात घेतली. मिनिटभर लागलं असेल.

“सोमवारी घरून उघडशील ना?” भावोजी ओठ न हलवता म्हणाले. “सहा प्रकरणं आहेत.”

“नाही.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवून बघितलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं. हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता, एवढंच.

साहेब फोन ठेवून आले. यादी उचलली, पानं चाळली, सगळ्या सह्या पाहिल्या. मग यादी माझ्यासमोर धरली, कौतुकाने, सन्मानचिन्ह देताना ते धरलं होतं तशी.

“इतक्या मोठ्या दुखण्यातून उठले तुमचे भावोजी,” ते म्हणाले, “पण सही बघा. सहा वर्षांत जराही हललेली नाही.”

“नाही हलली,” मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं.